घरच्या टाकीतील नवे प्रवाळ : पहिले काही आठवडे

प्रवाळ वनस्पतीसारखे एका जागी रुजलेले दिसत असले, तरी तो प्राणी आहे, आणि तोही एकट्याने न जगणारा. तोंडाभोवती लवचीक संस्पर्शकांचे कडे असलेल्या पॉलिप नावाच्या इवल्या जीवांची ती वसाहत असते, आणि या जीवांच्या पेशींत झूक्सँथेली हे एकपेशीय शैवल वस्तीला असते. शैवल प्रकाशाच्या साहाय्याने जे अन्न तयार करते त्याचा मोठा वाटा प्रवाळाला मिळतो, तर प्रवाळाने टाकलेला कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनयुक्त द्रव्ये शैवलाच्या उपयोगी पडतात. विकत आणलेले प्रवाळ लवकर दगावते तेव्हा पुष्कळदा ही भागीदारीच मोडलेली असते, आणि ती मोडण्यास परिस्थितीच्या प्रतिकूलतेपेक्षा तिच्यातील आकस्मिक बदल अधिक कारणीभूत असतो.

खरेदीपूर्वी कायद्याची बाजू समजून घेणे आवश्यक आहे. चुनखडीचा सांगाडा रचणारी सर्व दगडी प्रवाळे २००१ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट झाली असून काळी प्रवाळे, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांनाही तेच संरक्षण लाभले आहे. ती समुद्रातून काढणे किंवा त्यांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. मालवणच्या समुद्रातील प्रवाळेही याच कायद्याखाली येतात, आणि शतकानुशतके वाढलेले खडक दिवाणखान्याच्या शोभेसाठी फोडले जाऊ नयेत, ही अपेक्षा सर्वथा रास्त आहे. भारतातील हौशी व्यक्तीने विचार करावा तो मऊ प्रवाळांचा, म्हणजे ज्यांच्या मांसल शरीरात सलग सांगाड्याऐवजी चुन्याचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात अशा प्रकारांचा, आणि तेही वैध मार्गाने आल्याची खात्री करूनच. पुढील विवेचन मुख्यतः सार्कोफायटन, म्हणजे व्यवहारात ‘लेदर कोरल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छत्रीच्या आकाराच्या मऊ प्रवाळाला धरून आहे.

प्रवाळाला स्वतःच्या शरीरातील क्षारांचे प्रमाण राखण्याची यंत्रणा नसते. भोवतालच्या पाण्याचा खारेपणा तोच त्याच्या शरीरद्रवाचा खारेपणा असतो. ते ज्या पिशवीतून घरी आणले जाते तिच्यातील आणि टाकीतील पाण्यात तफावत असताना प्रवाळ एकदम टाकीत सोडले, तर त्याच्या पेशींत पाणी वेगाने शिरते किंवा त्यांतून वेगाने बाहेर पडते. म्हणून बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून तापमान सारखे झाल्यावर टाकीचे पाणी थोडेथोडे करून साधारण अर्ध्या तासात तिच्यात मिसळावे. मात्र प्रवास लांबचा असेल तर हे काम रेंगाळू देणे घातक ठरते. कारण बंद पिशवीत साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी काहीसे आम्लधर्मी होऊन अमोनिया तुलनेने निरुपद्रवी रूपात राहिलेला असतो, आणि पिशवी उघडताच हा वायू निघून जाऊ लागल्याने तोच अमोनिया विषारी रूप धारण करतो. पिशवीतील पाणी टाकीत कधीही ओतू नये.

टाकीत सोडण्यापूर्वी प्रवाळ त्यासाठी मिळणाऱ्या द्रावणात बुडवून काढण्याची पद्धत आहे, व त्यामुळे चपटे कृमी आणि प्रवाळभक्षक समुद्री गोगलगाई गळून पडतात. परंतु त्यांची अंडी बहुधा वाचतात, म्हणून शक्य असेल तेथे नवे प्रवाळ काही आठवडे वेगळ्या लहान टाकीत ठेवणे श्रेयस्कर होय. हाताळताना मांसल भागाऐवजी त्याखालचा दगड धरावा. झोअँथिड हे बटणांच्या आकाराचे, प्रवाळाच्या गोतातील जीव घरात असतील तर हातमोजे व चष्मा अनिवार्य समजावेत, कारण त्यांच्यातील काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. असे जीव चिकटलेला दगड उकळत्या पाण्यात टाकला तर वाफेतूनही विषबाधा होऊ शकते.

सर्वाधिक हानी मात्र प्रकाशाने होते, तीही बहुधा मालकाच्या सदिच्छेतून. अंधाऱ्या प्रवासातून आलेल्या प्रवाळाला भरपूर उजेड मिळावा म्हणून ते दिव्याखाली अगदी वर ठेवले जाते. तेव्हा शैवलाचे प्रकाशसंश्लेषण पेशींना झेपेनासे होऊन ऑक्सिजनची दाहक संयुगे तयार होतात, आणि प्रवाळ आपल्याच सहचराला बाहेर टाकून पांढरे पडते. समुद्र तापल्यावर लक्षद्वीपच्या खडकांवर दिसलेले विरंजनही शैवलाशी असलेली हीच भागीदारी तुटल्याने घडते. यासाठी नवे प्रवाळ प्रथम टाकीच्या तळाशी, मंद उजेडात ठेवून दोन-तीन आठवड्यांत क्रमाक्रमाने इष्ट जागी न्यावे.

सार्कोफायटनची एक सवय नवख्या माणसाला हमखास घाबरवते. ते मधूनमधून पॉलिप मिटून घेते, त्याच्या पृष्ठभागावर मेणचट पापुद्रा येतो आणि काही दिवसांनी तो गळून पडतो; हा रोग नसून पृष्ठभागावरील शेवाळ व घाण झटकण्याची त्याची स्वाभाविक रीत आहे. या काळात त्याची जागा रोज बदलणे किंवा पाण्यात औषधे ओतणे यानेच ते खरोखर आजारी पडते. पुरेसा, परंतु एकाच बाजूने थेट मारा न करणारा प्रवाह असला की पापुद्रा लवकर सुटतो. ऊती विरघळून दुर्गंधी येऊ लागली, तर मात्र सडलेला भाग तत्काळ बाहेर काढला पाहिजे. हे प्रवाळ शेजाऱ्यांची वाढ रोखणारी रसायनेही पाण्यात सोडते, म्हणून गाळणीत सक्रिय कोळसा ठेवणे हिताचे असते.

पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आणि तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस असावे. नळाचे पाणी न वापरता आरओने शुद्ध केलेल्या पाण्यात समुद्री मीठ मिसळावे, आणि माशांसाठीची तांबेयुक्त औषधे या टाकीत मुळीच घालू नयेत, कारण तांबे अपृष्ठवंशीय प्राण्यांना मारक असते. महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात पाण्यावर पंखा सोडल्यास बाष्पीभवनाने तापमान उतरते, पण मीठ मागेच राहून खारेपणा चढतो. पाण्याची ही घट भरून काढायची ती गोड्या पाण्याने, खाऱ्या नव्हे, आणि तीही दररोज थोडीथोडी. विदर्भासारख्या भागात पंखा अपुरा पडतो व पाणी थंड करणारे चिलर हे यंत्र घ्यावे लागते. वीज गेल्यास प्रवाह थांबून पाण्यातील ऑक्सिजन काही तासांतच घटू लागतो, त्यामुळे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप प्रवाळ घरी आणण्यापूर्वीच टाकीजवळ तयार असावा.