इंजिन बांधण्यापूर्वी माप घ्या!

मशिन शॉपमधून आलेले काम मिस्त्रीने कसे तपासावे?

जयसिंगपूर : गाडी निळसर धूर सोडू लागली, हजार किलोमीटरमागे लिटरभर ऑईल पिऊ लागली आणि चढाला दम टाकू लागली, की मालकाच्या कानावर एकच वाक्य पडते – 'इंजिन खोलावे लागेल'. वडाप करणाऱ्या जीपमालकासाठी हे वाक्य म्हणजे काही आठवड्यांची कमाई बुडणे होय. गळीत हंगाम तोंडावर आलेला असेल, तर ऊस वाहतुकीच्या वाहनमालकाचा जीव अधिकच टांगणीला लागतो. असा खर्च करून दुरुस्त केलेले इंजिन दोन-तीन महिन्यांत पुन्हा खोलावे लागले, तर दोष कोणाचा, हा वाद सुरू होतो. मिस्त्री मशिन शॉपकडे बोट दाखवितो, मशिन शॉप मिस्त्रीकडे. खर्च मात्र मालकाच्याच माथी येतो.

हा वाद टाळण्याचा मार्ग साधा आहे. मशिन शॉपमधून परत आलेला प्रत्येक भाग, इंजिनात बसविण्यापूर्वी, बांधणाऱ्याने स्वतः मोजून पाहिला पाहिजे. यात मशिन शॉपवर अविश्वास दाखविण्याचा प्रश्न नाही. बोअरिंग करणारा कारागीर फक्त ब्लॉक पाहतो, क्रँक घासणारा फक्त क्रँक पाहतो. पिस्टन, रिंग, बेअरिंग आणि ब्लॉक हे सगळे प्रथमच एकत्र येतात ते मिस्त्रीच्या टेबलावर. त्यामुळे शेवटचे माप त्यानेच घ्यायचे असते.

कारागिरीचा परिसर

राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या नावे वसविलेले जयसिंगपूर हे कोल्हापूर आणि सांगली या दोन शहरांना जोडणाऱ्या रस्त्यावरील गाव. या दोन्ही जिल्ह्यांना यंत्रकामाची जुनी परंपरा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडीचा कारखाना उभारला. कोल्हापूरचे उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत ओतकाम आणि यंत्रकाम चालते. पिस्टन आणि इंजिनाची बेअरिंग बनविणारे कारखानेही कोल्हापुरात आहेत. त्यामुळे ब्लॉक बोअर करून घेण्यासाठी किंवा क्रँक घासून घेण्यासाठी येथील मिस्त्रीला फार दूर जावे लागत नाही.

या भागात इंजिन खोलण्याचे आणखी एक कारण म्हणजे पूर. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुरांनी शिरोळ तालुक्याला वेढले. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या सिलिंडरमध्ये पाणी गेले असताना ती चालू करण्याचा प्रयत्न केला, तर पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हा वाक डोळ्यांना दिसत नाही. अशा इंजिनाच्या बाबतीत मापाचे महत्त्व अधिकच वाढते.

अंतर केसाहून बारीक

इंजिनातील मापे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतात. उदाहरणादाखल मारुती ८०० घेऊ. या गाडीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. तिच्या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ६८.५ मिमी आणि पिस्टनची धाव ७२ मिमी असते. अशा आकाराच्या पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातील मोकळीक साधारण ०.०३ ते ०.०५ मिमी ठेवली जाते. माणसाचा केस सुमारे ०.०७ मिमी जाडीचा असतो. म्हणजे येथे सारा व्यवहार केसाहूनही बारीक अंतराचा आहे. मोकळीक कमी पडली, तर तापलेला पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकतो. ती जास्त झाली, तर पिस्टन खडखडतो आणि ऑईल वर चढते. नेमका आकडा प्रत्येक इंजिनाचा वेगळा असतो. तो त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्यावा. या लेखातील आकडे केवळ अंदाज येण्यासाठी आहेत.

काम देतानाच काळजी

तपासणीची सुरुवात काम देण्यापूर्वीच होते. सिलिंडर आधी मोठा करून मग पिस्टन शोधण्याची पद्धत चुकीची आहे. ओव्हरसाइज पिस्टन आधी विकत घ्यावेत, ते मोजावेत आणि ब्लॉकसोबतच मशिन शॉपमध्ये द्यावेत. कोणता पिस्टन कोणत्या सिलिंडरचा, हे क्रमांक टाकून ठरवावे. म्हणजे कारागीर प्रत्येक सिलिंडर त्याच्या पिस्टनप्रमाणे कापतो.

दुसरी गोष्ट एककाची. अनेक शॉपमध्ये अजूनही 'थाऊ'ची भाषा चालते. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, अर्थात ०.०२५४ मिमी. 'वीस थाऊ' आणि '०.५० मिमी' हे बोलण्यात एकच मानले जातात. पण वीस थाऊ म्हणजे ०.५०८ मिमी. आठ मायक्रॉनचा हा फरक ०.०४ मिमीच्या मोकळिकीत पाचवा हिस्सा ठरतो. म्हणून हवे असलेले अंतिम माप चिठ्ठीवर मिलिमीटरमध्ये लिहून द्यावे.

मेन बेअरिंगच्या कॅप आणि कनेक्टिंग रॉडच्या कॅप यांवर क्रमांक आणि दिशेच्या खुणा करून ठेवाव्यात. त्या आपापल्या जोडीदारासोबतच मापात आणलेल्या असतात. त्यांची अदलाबदल झाली, की गोलाई बिघडते.

आधी स्वच्छता, मग माप

होनिंग झालेला ब्लॉक चकचकीत दिसला, तरी तो स्वच्छ नसतो. होनिंगच्या दगडाची बारीक कचकच रेघांमध्ये रुतून बसते. डिझेल किंवा रॉकेलने पुसून ती पूर्णपणे निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश यांनी सिलिंडर घासून धुवावेत. त्यानंतर ऑईल लावलेले पांढरे फडके आतून फिरवावे. फडके राखाडी होत असेल, तर पुन्हा धुवावे. ऑईलच्या वाटांचे प्लग काढून त्यांतूनही ब्रश आणि हवा मारावी. धुऊन झाल्यावर लगेच ऑईलचा हात द्यावा, अन्यथा ओतीव लोखंडावर काही वेळातच गंज धरतो.

मोजताना सर्व भाग एकाच तपमानाचे असावेत. अ‍ॅल्युमिनिअम हे ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. ६८.५ मिमीचा पिस्टन वीस अंशांनी तापला, तर त्याचा व्यास सुमारे ०.०३ मिमीने वाढतो. एप्रिल-मेच्या उन्हात दारात ठेवलेला पिस्टन आणि आत सावलीत असलेला ब्लॉक यांची मापे घेतली, तर जवळजवळ सारी मोकळीकच नाहीशी झालेली दिसेल. दोन्ही भाग काही तास एकाच जागी सावलीत ठेवावेत आणि मगच मायक्रोमीटर हाती घ्यावा.

सिलिंडरची सहा मापे

प्रत्येक सिलिंडरचा व्यास वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी घ्यावा. प्रत्येक ठिकाणी एकदा क्रँकच्या दिशेने आणि एकदा आडवे माप घ्यावे. अशी सहा मापे होतात. वरच्या आणि खालच्या मापातील फरक म्हणजे टेपर. एकाच उंचीवरील दोन दिशांतील फरक म्हणजे ओव्हल. ताज्या बोअर केलेल्या सिलिंडरमध्ये हे फरक ०.०१ मिमीच्या आसपासच असावेत. पिस्टनचे माप त्याच्या माथ्यावर घेऊ नये. ते खालच्या बाजूस, पिनच्या काटकोनात, कंपनीने सांगितलेल्या उंचीवर घ्यावे. सिलिंडरच्या मापातून ते वजा केले, की मोकळीक मिळते.

बोअर गेज प्रत्येक गॅरेजमध्ये नसते. पण फिलर गेज आणि एक नवी रिंग यांनीही बरेच काही कळते. रिंग सिलिंडरमध्ये टाकून उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकलावी आणि तिच्या दोन टोकांतील फट मोजावी. परिघ हा व्यासाच्या ३.१४ पट असल्याने व्यासातील लहान फरक फटीत तिप्पट मोठा होऊन दिसतो. समजा, तीच रिंग वर ०.३० मिमी आणि खाली ०.४२ मिमी फट दाखविते. फरक ०.१२ मिमी, त्याला ३.१४ ने भागले, की टेपर सुमारे ०.०४ मिमी निघतो. एवढा टेपर असलेला ब्लॉक परत न्यावा. मात्र ओव्हल या युक्तीने कळत नाही. त्यासाठी गेजच लागते.

रिंगची फट स्वतंत्रपणेही महत्त्वाची आहे. शंभर मिमी व्यासाला साधारण ०.४ मिमी हा ढोबळ हिशेब मिस्त्री वापरतात. फट फार कमी असेल, तर तापल्यावर रिंगची टोके एकमेकांना भिडतात, रिंग तुटते आणि सिलिंडरवर ओरखडे उमटतात.

सिलिंडरच्या आतील होनिंगची जाळी एकसारखी, एकमेकींना तिरपी छेदणाऱ्या रेघांची असावी. या जाळीतच ऑईल टिकते आणि रिंगा बसतात. गुळगुळीत काच केलेल्या सिलिंडरमध्ये रिंगा बसत नाहीत आणि नवे इंजिनही ऑईल खाते.

क्रँक आणि बेअरिंग

घासलेल्या क्रँकशाफ्टवरील प्रत्येक जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, मायक्रोमीटरने दोन जागी आणि दोन दिशांनी मोजावा. जर्नल ०.२५ मिमीने कमी केले असतील, तर बेअरिंगही ०.२५ अंडरसाइजच हवे. डब्यावरील आकड्यावर विसंबू नये, बेअरिंगच्या पाठीवरील शिक्का वाचावा.

मापाइतकीच एक गोष्ट नजरेने पाहायची असते. जर्नल जेथे क्रँकच्या भिंतीला मिळतो, तेथे कोपऱ्यात गोलाई असते. घासताना ती नाहीशी होऊन काटकोनी कोपरा राहिला, तर सारा ताण तेथे एकवटतो आणि क्रँक त्याच जागी तुटू शकतो. ऑईलच्या छिद्रांच्या कडाही मऊ केलेल्या असाव्यात. धारदार कड बेअरिंग खरवडते.

बेअरिंगमधील मोकळीक साधारणपणे जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी असते. म्हणजे ४० मिमीच्या जर्नलला ०.०४ मिमी. ती तपासण्यासाठी प्लास्टीगेज हा मेणासारखा धागा मिळतो. धागा जर्नलवर ठेवून कॅप ठरलेल्या टॉर्कने आवळावी, पुन्हा उघडावी आणि चपटा झालेला धागा पाकिटावरील पट्टीशी ताडून पाहावा. धागा आत असताना क्रँक फिरवू नये.

यानंतर ऑईल लावून मेन कॅप एकेक करून आवळाव्यात आणि प्रत्येक वेळी क्रँक हाताने फिरवून पाहावा. शेवटची कॅप आवळल्यावरही तो सहज फिरला पाहिजे. विशिष्ट कॅप आवळताच तो जड झाला, तर दोष तेथेच आहे. 'चालून चालून मोकळा होईल' हे समर्थन अशा वेळी महागात पडते.

कनेक्टिंग रॉड आणि हेड

वाकलेला रॉड ओळखण्याची सोपी खूण आहे. पिस्टन बसविल्यावर प्रत्येक पिस्टन सर्वांत वर आणून ब्लॉकच्या पृष्ठभागापासून त्याची उंची मोजावी. एखादा पिस्टन इतरांपेक्षा खाली राहिला, तर त्याच्या रॉडबद्दल शंका घ्यावी. पुरातून आलेल्या इंजिनात ही तपासणी टाळूच नये. किंचित पीळ मात्र असा दिसत नाही. तो रॉड अलाइनमेंटच्या साधनावरच तपासून घ्यावा.

हेडचे सर्फेसिंग झाल्यावर त्यावर सरळ पट्टी उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर धरावी. पट्टीखाली ०.०५ मिमीची फिलर शिरत असेल, तर बहुतेक इंजिनांत हेड परत न्यावे लागते. किती मिलिमीटर काढले, हेही विचारून घ्यावे. हेड जितके कमी होते, तितका ज्वलनकक्ष लहान होतो आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला लागण्याची शक्यता वाढते. अनेक डिझेल इंजिनांत पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो, ते मोजून गॅस्केटची जाडी निवडायची असते.

व्हॉल्व्ह सीट तपासण्यासाठी व्हॉल्व्ह आणि प्लग बसवून हेड उलटे ठेवावे आणि ज्वलनकक्षात रॉकेल भरावे. काही मिनिटांत ते पोर्टमध्ये झिरपले, तर व्हॉल्व्ह नीट बसलेला नाही. हेड तापून आलेले असेल, तर त्याला चीर नाही ना, यासाठी मशिन शॉपमध्येच पाण्यात दाबाची चाचणी करून घ्यावी.

कागदावर नोंद हवी

ही सारी मापे एका कागदावर लिहून ठेवावीत. सिलिंडर क्रमांक, मिळालेले माप, हवे असलेले माप आणि तारीख एवढे पुरेसे आहे. दोष आढळला, तर इंजिन बांधण्यापूर्वीच तो भाग मोजमापासह परत न्यावा. न वापरलेला भाग आणि लिहिलेला आकडा समोर असला, की वादाला जागा उरत नाही आणि बहुतेक कारागीर काम दुरुस्त करून देतात. एकदा इंजिन चालले, की मूळचा दोष कोणता आणि नंतरची झीज कोणती, हे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

वाहनमालकाला मायक्रोमीटर वाचता येण्याची गरज नाही. मात्र 'मापांचा कागद दाखवा' एवढे म्हणण्याचा हक्क त्याला आहे. या तपासणीसाठी मिस्त्रीचा फार तर एक दिवस जातो. घाईत बांधलेले इंजिन पुन्हा खोलावे लागले, तर मजुरी, गॅस्केट, ऑईल आणि बुडालेले धंद्याचे दिवस यांचा हिशेब त्याच्या कितीतरी पट होतो. इंजिन द्यायला जाताना तारीख विचारण्याआधी हा कागद मिळणार का, हे विचारावे.