जुन्या जीपगाडीची बॅटरी वारंवार का उतरते?
चार्जिंगमधील दोष शोधण्याची पद्धत

डोंगराळ व अडचणीच्या भागात शेतकऱ्याच्या दारी जुनी जीपगाडी आजही उभी असलेली दिसते. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि विकास गटांच्या कामाच्या निमित्ताने ही गाडी खेड्यापाड्यांच्या परिचयाची झाली. बियाण्याची पोती, दुधाचे कॅन, फवारणीचा पंप, प्रसंगी आजारी माणूस, असा सर्व भार तिने वाहिला आहे. चिखल आणि चढ यांना न जुमानणारी ही गाडी एका गोष्टीपुढे मात्र हतबल होते. बॅटरी उतरली की सेल्फ फिरत नाही. भर पावसात, रात्रीच्या वेळी, दवाखान्यात जाण्याची घाई असताना असे घडले तर त्याचा अर्थ काय होतो, हे आडगावच्या शेतकऱ्यास सांगावयास नको.

अशा वेळी पुष्कळजण बॅटरीस दोष देतात व नवी बॅटरी विकत आणतात. आठ-पंधरा दिवसांत तीही उतरते. ह्याचे कारण असे की, बॅटरी ही केवळ कणगी आहे. कणगीत धान्य येतच नसेल किंवा तिला भोक पडले असेल, तर कणगी बदलून काय उपयोग? म्हणून खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे क्रमाने शोधले पाहिजे. ह्या कामास एक साधा व्होल्टमापक, एक हायड्रोमीटर, बारा व्होल्टचा एक लहान दिवा व थोडी वायर एवढे साहित्य पुरते.

यंत्रणेचे स्वरूप

इंजिन फिरले की फॅन बेल्टमुळे डायनामो फिरतो व वीज निर्माण करतो. ही वीज रेग्युलेटरमधून बॅटरीकडे जाते. रेग्युलेटर विजेचा दाब मर्यादेत ठेवतो. त्याच पेटीत कटआउट असतो. डायनामोचा दाब बॅटरीपेक्षा वाढला की तो जोड मिळवतो, आणि इंजिन मंदावले किंवा थांबले की जोड तोडतो. तो न तुटल्यास बॅटरीतील वीज उलट डायनामोत शिरते. इंजिन बंद केल्यावरही अ‍ॅमीटरचा काटा उणे बाजूस खूप कललेला राहिला, तर कटआउट चिकटला आहे असे समजावे व ताबडतोब बॅटरीचे टर्मिनल काढावे. विलंब झाल्यास डायनामो व वायरी जळतात.

तपासणीपूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, गाडी सहा व्होल्टची आहे की बारा व्होल्टची. पूर्वीच्या काही जीपगाड्या सहा व्होल्टच्या होत्या. पुढील आकडे बारा व्होल्टच्या गाडीचे आहेत. दुसरी, बॅटरीचे कोणते टोक चासीस जोडले आहे, धन की ऋण. जुन्या गाड्यांत दोन्ही प्रकार आढळतात व उलट जोडणी झाल्यास मोठे नुकसान होते.

प्रथम बॅटरी तपासावी

गाडी काही तास उभी राहिल्यानंतर बॅटरीचा दाब मोजावा. चांगल्या भरलेल्या बॅटरीत तो १२.६ व्होल्टच्या आसपास असतो. १२.२ म्हणजे बॅटरी निम्मी उतरली आहे, आणि १२ च्या खाली ती जवळजवळ रिकामी झाली आहे, असे समजावे. त्यानंतर हायड्रोमीटरने प्रत्येक खान्यातील द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व पाहावे. सर्व खान्यांचे माप सारखेच कमी असेल, तर बॅटरी केवळ उतरलेली आहे व ती भरता येईल. एखाद्याच खान्याचे माप इतरांपेक्षा ०.०५० किंवा त्याहून कमी असेल आणि भरूनही ते वाढत नसेल, तर तो खाना निकामी झाला आहे व बॅटरीच दोषी आहे.

बॅटरी भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. म्हणून जवळ विडी, काडी किंवा कंदील कदापि नेऊ नये. टर्मिनल काढताना नेहमी चासीचे आधी काढावे व बसविताना ते शेवटी बसवावे.

उभ्या गाडीत बॅटरी उतरते काय?

गाडी चालविल्यावर नीट सुरू होते, पण दोन दिवस उभी राहिली की उतरते, असा अनुभव असेल तर वीज कोठेतरी झिरपत असते. सर्व दिवे व किल्ली बंद करून चासीचे टर्मिनल काढावे आणि ते टर्मिनल व बॅटरीचा खांब ह्यांच्या मध्ये लहान दिवा जोडावा. दिवा पेटला तर वीज वाया जात आहे. आता एकेक फ्यूज व एकेक वायर सोडवीत जावे. ज्या वायरीवर दिवा विझेल, त्या मार्गात दोष आहे.

पट्टा, जोड व अर्थ

डायनामोस हात लावण्यापूर्वी फॅन बेल्ट पाहावा. दोन पुलींच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यास तो सुमारे पाऊण इंच खाली गेला पाहिजे. अधिक सैल पट्टा घसरतो. फार ताणलेला पट्टा डायनामोचे बेअरिंग खातो. पट्ट्यावर तेल किंवा चिखल असल्यास पुसून काढावा.

शेतातील चिखल, धूळ व हादरे ह्यांमुळे वायरींचे जोड सैल होतात आणि इंजिनापासून चासीकडे जाणारी अर्थची पट्टी गंजते. पुढचे दिवे लावून इंजिन मध्यम वेगाने चालवावे व बॅटरीचा चासीकडील खांब आणि डायनामोचे अंग ह्यांमधील दाब मोजावा. तो व्होल्टच्या एक-दोन दशांशांहून जास्त भरला, तर अर्थचे जोड खरवडून, घट्ट करून घ्यावेत. पुष्कळ गाड्यांचा आजार एवढ्यानेच बरा होतो.

अ‍ॅमीटर व लाल दिवा काय सांगतात?

सेल्फ मारल्यानंतर अ‍ॅमीटरचा काटा अधिक बाजूस बराच जातो व नंतर हळूहळू शून्याकडे येतो. हे निरोगी गाडीचे लक्षण आहे. चार्जिंग बंद पडले असे समजून घाबरू नये. काटा सतत फार वर राहत असेल आणि बॅटरीचे पाणी लवकर आटत असेल, तर रेग्युलेटर बिघडलेला असतो किंवा बॅटरीचा एखादा खाना आतून जुळलेला असतो. लाल दिवा वेग वाढवूनही मंद पेटत राहिला, तर कटआउटचे संपर्क किंवा एखादा जोड खराब आहे असा संशय घ्यावा.

इंजिन मध्यम वेगाने चालत असता बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दाब मिळाला पाहिजे. वेग वाढवूनही तो १२.५ च्या वर जात नसेल, तर पुढील कसोटी घ्यावी.

दोष डायनामोत की रेग्युलेटरमध्ये?

ही कसोटी ज्या डायनामोवर डी व एफ अशी अक्षरे असतात त्याच्यासाठीच आहे. दुसऱ्या बनावटीच्या डायनामोची रीत निराळी असते. तेथे जाणत्या कारागिराकडे जावे.

इंजिन बंद करून डायनामोवरील डी व एफ ह्या दोन्ही वायरी सोडाव्यात व ती दोन टर्मिनले लहान वायरीने एकमेकांस जोडावीत. व्होल्टमापकाचे एक टोक ह्या जोडास व दुसरे डायनामोच्या अंगास लावावे. इंजिन मंद सुरू करून वेग सावकाश वाढवावा. काटा न अडखळता चढत गेला पाहिजे. तो वीस व्होल्टपर्यंत जाऊ देऊ नये व इंजिन जोरात पळवू नये.

काटा व्यवस्थित चढला तर डायनामो चांगला आहे. काटा हललाच नाही तर कार्बन झिजलेले किंवा अडकलेले असतात. अर्धा ते एक व्होल्ट दाखविल्यास फील्डच्या गुंडाळीत, आणि चार-पाच व्होल्टवर थांबल्यास आर्मेचरमध्ये दोष असण्याचा संभव असतो.

डायनामो चांगला ठरल्यास वायरी परत जोडाव्यात, त्यांची रेग्युलेटरकडील टोके सोडून एकत्र करावीत आणि तेथे हीच कसोटी पुन्हा घ्यावी. दाब तसाच मिळाला तर वायरी ठीक असून दोष रेग्युलेटरमध्ये आहे. मिळाला नाही तर वायर कोठेतरी तुटलेली आहे.

कार्बन बदलताना कम्यूटेटरवर काळा थर असल्यास तो बारीक काचकागदाने साफ करावा. एमरी कागद वापरू नये; त्याचे कण तांब्याच्या पट्ट्यांत रुततात.

अल्टर्नेटर बसविलेल्या गाड्या

पुष्कळ जुन्या जीपगाड्यांत आता डायनामोऐवजी अल्टर्नेटर बसविलेला असतो. त्यास वरील डी-एफची कसोटी लावू नये. चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल काढून चार्जिंग पाहण्याची जी प्रथा आहे, ती सर्वथा सोडावी. त्यामुळे दाब एकाएकी उसळतो व अल्टर्नेटरमधील डायोड जळतात. तसेच अनेक गाड्यांत लाल दिव्यातून मिळणारी वीजच अल्टर्नेटरला जागे करते. म्हणून किल्ली फिरवल्यावर लाल दिवा लागतच नसेल, तर महागडा भाग बदलण्यापूर्वी तो लहानसा बल्ब बदलून पाहावा.

विजेचा जमाखर्च

कधी कधी सर्व भाग निर्दोष असूनही बॅटरी उतरते. समजा, डायनामो भर वेगात २२ अँपिअर देतो. पुढचे दोन दिवे प्रत्येकी ४५ वॅटचे असल्यास सुमारे साडेसात अँपिअर घेतात; इग्निशन, वायपर व मागील दिवे मिळून आणखी सहा-सात लागतात. म्हणजे चौदा अँपिअर खर्च झाले. ह्यावर हौसेने ५५ वॅटचे दोन दिवे बसविले की आणखी नऊ अँपिअर गेले. आता जमेपेक्षा खर्च मोठा झाला. शिवाय मंद चालणाऱ्या इंजिनावर डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. म्हणून गाडी उभी करून, इंजिन मंद ठेवून, दिव्यांच्या उजेडात रात्री माल भरण्याची सवय बॅटरीस घातक ठरते.

पावसाळ्यापूर्वीची दक्षता

मृगाच्या आधी एक दिवस ह्या कामासाठी राखून ठेवावा. पट्टा, जोड, अर्थ व कार्बन तपासावेत, खान्यांत डिस्टिल्ड वॉटर घालावे, आणि डायनामोच्या मागील बुशात तेलाचे भोक असल्यास दोन-चार थेंब तेल सोडावे. घेतलेली मापे तारखेनिशी वहीत लिहावीत. पुढील वेळी मापांतील फरकावरून दोष आधीच लक्षात येईल. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील गाडीमालकांना एकत्र बोलावून ही तपासणी प्रत्यक्ष करून दाखविल्यास शेतकऱ्यांचा निष्कारण होणारा खर्च टळेल, आणि अडीअडचणीच्या रात्री गाडी हाकेला ओ देईल.