रंगव्यवस्थापन, छायाचित्र मुद्रणातील

संगणकाच्या पडद्यावर दिसणारे अंकीय छायाचित्र व त्याची कागदावरील मुद्रित प्रत यांच्या रंगांत शक्य तितका मेळ राखण्यासाठी योजल्या जाणाऱ्या मापनाच्या, गणिताच्या व निरीक्षणाच्या पद्धतींना एकत्रितपणे रंगव्यवस्थापन असे म्हणतात. ‘शक्य तितका’ हे शब्द या व्याख्येत महत्त्वाचे आहेत. पडदा स्वतः प्रकाश देतो, तर कागद आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग शोषून उरलेला परत पाठवितो. पडद्यावर तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणाने रंग तयार होतात. कागदावर निळसर हिरवी, किरमिजी व पिवळी या शाया पांढऱ्या प्रकाशातून अनुक्रमे तांबडा, हिरवा व निळा भाग वजा करतात आणि त्यांच्या जोडीला काळी शाई असते. असे असल्याने दोहोंत तंतोतंत एकरूपता संभवत नाही. तथापि छपाईनंतर पदरी येणारी निराशा बहुधा या मूलभूत मर्यादेची नसते. पडद्याची फाजील दीप्ती, प्रत पाहतानाचा अयोग्य प्रकाश व आकड्यांच्या रूपांतरणातील गोंधळ ही टाळता येण्याजोगी कारणेच तिच्या मुळाशी असतात.

आकडे आणि रंग : अंकीय छायाचित्रातील प्रत्येक बिंदूचा रंग सामान्यतः ० ते २५५ या मर्यादेतील तीन आकड्यांनी नोंदविलेला असतो. हे आकडे म्हणजे रंग नव्हेत. ती यंत्राला दिलेली आज्ञा होय. ०, २५५, ० ही आज्ञा दोन निरनिराळ्या पडद्यांना दिली, तर दोन निरनिराळे हिरवे रंग दिसतात. दूरदर्शन संचांच्या दुकानात ओळीने मांडलेल्या संचांवर एकच दृश्य चालू असता हा अनुभव कोणासही येतो. म्हणून यंत्रावर अवलंबून नसलेली रंगाची भाषा आवश्यक ठरते. आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९३१ मध्ये सामान्य मानवी दृष्टीचे प्रतिनिधित्व करणारा ‘प्रमाण निरीक्षक’ निश्चित केला व कोणताही रंग तीन राशींनी मांडण्याची पद्धती घालून दिली. १९७६ मध्ये त्याच आयोगाने उजळपणा, तांबडे-हिरवेपण व पिवळे-निळेपण या तीन अक्षांवर रंगाचे स्थान दाखविणारी ‘लॅब’ पद्धती स्वीकारली. दोन रंगांतील अंतर तीत एका आकड्याने सांगता येते. हे अंतर १ च्या आसपास असल्यास सरावलेल्या डोळ्यालाही फरक जेमतेम जाणवतो.

या पायावर १९९३ मध्ये आठ उद्योगसंस्थांनी आंतरराष्ट्रीय रंग संघाची स्थापना केली. संघाने प्रत्येक यंत्राच्या वर्तनाचे वर्णन करणाऱ्या एका छोट्या फाइलचा सर्वमान्य नमुना ठरवून दिला. तीस प्रोफाइल म्हणतात. अमुक आकडे दिले असता हे यंत्र प्रमाण भाषेतील कोणता रंग दाखविते, याचे कोष्टक तीत असते. छायाचित्राचे आकडे प्रथम प्रमाण भाषेत आणि तेथून मुद्रण यंत्राच्या आकड्यांत नेले जातात. या मध्यस्थ भाषेचा लाभ उघड आहे. दहा प्रकारचे कॅमेरे-पडदे आणि दहा प्रकारची मुद्रण यंत्रे यांच्या प्रत्येक जोडीसाठी वेगळे रूपांतर करावयाचे, तर शंभर रूपांतरे लागतील. प्रोफाइलच्या पद्धतीत वीस वर्णने पुरतात.

छायाचित्रासोबतही ते कोणत्या रंगावकाशात नोंदविले आहे हे सांगणारे प्रोफाइल असावे लागते. एसआरजीबी हा १९९६ मध्ये मांडला गेलेला व १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेला रंगावकाश सर्वाधिक प्रचलित आहे. १९९८ चा ॲडोबी आरजीबी हा त्याहून विस्तृत असून विशेषतः हिरव्या व निळसर हिरव्या रंगांत पुढे जातो. अशा विस्तृत रंगावकाशातील छायाचित्राचे प्रोफाइल गळून पडले व आकडे एसआरजीबीचे म्हणून वाचले गेले, तर चित्र फिके व निस्तेज दिसते. विस्तृत रंगावकाश म्हणजे अधिक चांगले छायाचित्र, हा समज म्हणूनच धोक्याचा आहे. साखळीतील प्रत्येक दुव्याला तो समजत असेल तरच त्याचा उपयोग.

दीप्तीचा प्रश्न : ‘प्रत काळपट आली’ ही सर्वांत जुनी व सर्वांत वारंवार ऐकू येणारी तक्रार होय. तिचे कारण बहुधा मुद्रण यंत्रात नसते. सु. ९०% प्रकाश परावर्तित करणारा पांढरा कागद ५०० लक्स इतक्या प्रदीपनात ठेवला, तर त्याची दीप्ती सु. १४३ कँडेला प्रति चौ. मी. भरते. घरातील संध्याकाळच्या दिव्याखाली प्रदीपन १५० लक्स असेल, तर तोच कागद सु. ४३ कँडेला प्रति चौ. मी. एवढाच उजळ असतो. याउलट कारखान्यातून आलेला पडदा अनेकदा २५० किंवा त्याहून अधिक कँडेला प्रति चौ. मी. दीप्तीवर ठेवलेला असतो. अशा पडद्यावरील पांढरा शेजारच्या कागदाच्या सु. सहापट उजळ असतो आणि डोळा त्या पांढऱ्याशी जुळवून घेत असल्याने कागदावरील सर्व काही अंधारे भासते. छायांकित भागांतील तपशील, उदा., काळ्या केसांची वळणे किंवा गडद शालूवरील बुट्टे, प्रथम नाहीसे होतात.

यावर उपाय म्हणून पुष्कळ जण छायाचित्रच उजळ करतात व पुन्हा छापतात. हा मार्ग चुकीचा आहे. मूळ नोंद अशा रीतीने एका बिघडलेल्या पडद्यानुसार बदलली, की दुसऱ्या कागदावर, दुसऱ्या छापखान्यात वा काही वर्षांनी नव्या पडद्यावर ती फिकटलेली दिसते. लग्नाचे किंवा दिवंगत आप्तांचे छायाचित्र पुन्हा टिपता येत नाही. म्हणून मूळ फाइल अबाधित ठेवून पडद्याची दीप्ती उतरविणे हेच योग्य. मंद प्रकाशाच्या खोलीत ८० ते १२० कँडेला प्रति चौ. मी. ही दीप्ती सर्वसाधारणपणे सोयीची ठरते. उपकरण हाताशी नसल्यास पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे, शेजारी छपाईचा कोरा कागद नेहमीच्या प्रकाशात धरावा व दोन्ही सारखे उजळ वाटेपर्यंत पडदा मंद करीत जावे. ही पद्धती ढोबळ असली, तरी निम्मी तक्रार तीनेच मिटते.

पडदा व मुद्रण यंत्र यांचे मापन : अचूक कामासाठी पडद्यावर टेकवावयाचे वर्णमापक उपकरण वापरतात. पडदा अर्धा तास चालू ठेवून स्थिर झाल्यावर उपकरणाबरोबरची संगणकप्रणाली त्यावर ज्ञात आकड्यांचे रंग एकामागून एक दाखविते, उपकरण ते मोजते आणि त्यावरून प्रथम पडद्याची स्थिती सुधारून नंतर त्याचे प्रोफाइल तयार केले जाते. यांतील पहिली क्रिया म्हणजे कॅलिब्रेशन. या दोन क्रियांची लोक नेहमी गल्लत करतात : पहिलीत यंत्र बदलते, दुसरीत ते जसे आहे तसे वर्णिले जाते. पडद्याचे गुणधर्म कालांतराने ढळत असल्याने हे मापन महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा करणे इष्ट. मुद्रण यंत्रासाठी शेकडो रंगीत चौकटींचा तक्ता छापतात व तो वाळल्यावर वर्णपट मोजणाऱ्या उपकरणाने वाचतात. असे प्रोफाइल विशिष्ट यंत्र, शाई व कागद या तिघांच्या संयोगाचे असते. कागद बदलला की ते निरुपयोगी होते. कागदनिर्माते आपल्या कागदांसाठी तयार प्रोफाइल पुरवितात व सामान्य कामास ती पुरेशी असतात.

रूपांतर एकदाच व्हावे, हा येथील नियम. चित्रसंपादनाच्या प्रणालीने रंग बदलून दिले आणि मुद्रण यंत्राच्या चालकप्रणालीने ते पुन्हा बदलले, तर प्रतीवर परकी झाक चढते, अनेकदा किरमिजी. दोहोंपैकी एकीकडील रंगनियंत्रण बंद ठेवणे अत्यावश्यक आहे.

न छापता येणारे रंग : एखादे यंत्र निर्माण करू शकणाऱ्या सर्व रंगांच्या समुच्चयास त्याची रंगव्याप्ती म्हणतात. पडदा व कागद यांच्या रंगव्याप्ती एकमेकींना छेदतात. एक दुसरीत पूर्णपणे सामावत नाही. पडद्यावरील झगझगीत निळा कागदावर गडद व जांभळट होतो, कारण किरमिजी शाई हिरव्याबरोबर काही निळा प्रकाशही शोषते आणि निळसर हिरवी शाईही शुद्ध नसते. कोवळ्या पोपटी रंगाचेही तेज उतरते. उलटपक्षी निळसर हिरव्या शाईचा शुद्ध रंग एसआरजीबी पडद्याला दाखविता येत नाही. व्याप्तीबाहेरील रंगांचे काय करावे यासाठी चार धोरणे ठरविलेली आहेत. त्यांपैकी छायाचित्रांना दोनच उपयोगी पडतात. एकात सर्वच रंग प्रमाणात आकसून परस्परसंबंध टिकविले जातात, दुसऱ्यात छापता येणारे रंग जसेच्या तसे ठेवून उरलेले व्याप्तीच्या कडेवर आणले जातात. झेंडूच्या राशीसारख्या एकाच तीव्र रंगाने भरलेल्या चित्रात दुसऱ्या धोरणाने पाकळ्यांमधील छटाभेद पुसले जाण्याचा संभव असतो. चेहऱ्यांच्या चित्रांस मात्र तेच बहुधा चांगले. छपाईपूर्वी कागदाच्या प्रोफाइलनुसार चित्राचे रूप पडद्यावर पाहण्याची सोय चित्रसंपादन प्रणालींत असते. तीत चित्र एकाएकी मलूल दिसू लागते व नवशिके ती सोय घाईने बंद करतात. वस्तुतः खरे तेच दाखविलेले असते. खडबडीत कागदावर सर्वांत गडद काळा व पांढरा यांच्या दीप्तीचे गुणोत्तर सु. १ : ५० असते, चकचकीत कागदावर ते १ : २०० च्या पुढे जाऊ शकते, तर सामान्य पडद्यावर १ : १,००० असते, हे लक्षात घेतले म्हणजे या मलूलपणाचे नवल वाटत नाही.

पाहण्याचा प्रकाश : दोन रंग एका प्रकाशात सारखे व दुसऱ्यात वेगळे दिसू शकतात. तुलनेसाठी ५,००० केल्विन वर्ण तापमानाचा, दिवसाच्या उजेडाशी मिळताजुळता प्रकाश प्रमाण मानला असून काटेकोर परीक्षणासाठी २,००० लक्स व नेहमीच्या पाहणीसाठी ५०० लक्स प्रदीपन सांगितले आहे. पिवळ्या दिव्याखाली निवडलेली प्रत सकाळी खिडकीशी निळसर वाटते. अतिशुभ्र कागदांत मिसळलेली द्रव्ये जंबुपार किरण शोषून निळा प्रकाश देतात. ज्या पांढऱ्या एलईडी दिव्यांत हे किरण जवळजवळ नसतात, त्यांखाली तोच कागद पिवळट दिसतो. ज्या खोलीत चित्र टांगावयाचे तेथील दिव्याखाली नमुन्याची लहान प्रत पाहणे हाच व्यवहारी मार्ग होय. शाई-फवारा यंत्रावरील प्रत काही तास, चकचकीत कागदावर एक दिवसपर्यंत वाळू द्यावी. ओल्या प्रतीवरून रंग ठरवू नये.

व्यापारी प्रयोगशाळांत छायाचित्रे बहुधा प्रकाशसंवेदी कागदावर तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाने उमटवून रासायनिक रीत्या विकसित केली जातात. तेथे द्यावयाची फाइल साधारणपणे एसआरजीबीत मागितली जाते. प्रयोगशाळेने रंगांत आपणहून सुधारणा करू नये असे वाटत असल्यास ते स्पष्ट सांगावे लागते. प्रतीची तुलना पडद्याशी करावयाची की प्रत्यक्ष वस्तूशी, हेही आधी ठरविलेले बरे. ‘शालू असा नव्हता’ ही तक्रार पुष्कळदा छपाईची नसून कॅमेऱ्याची असते, आणि तिचे निवारण छायाचित्र टिपतानाच चौकटीत ज्ञात रंगांचा तक्ता ठेवून करावे लागते.