चाकांवरचे घर चढावर का थांबते?

अमेरिकेच्या महामार्गांवर उन्हाळ्यात धावणाऱ्या मोटारघरांच्या गर्दीत अधूनमधून एक बुटके, लांबट, मोठमोठ्या काचांचे आणि सहा चाकांचे वाहन नजरेस पडते. जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या वर्षांच्या मॉडेलांत काढलेले हे जीएमसी मोटारहोम होय. इतर कारखानदार कोणाच्या तरी ट्रकचा सांगाडा विकत घेऊन त्यावर घराचा डोलारा उभारीत असत. येथे मात्र सांगाड्यापासून छपरापर्यंत सर्व रचना एकाच मोटार कंपनीची होती. तेवीस आणि सव्वीस फूट अशा दोन लांबींत मिळून तेरा हजारांच्या आतच गाड्या तयार झाल्या. ओल्ड्समोबाईलचे प्रारंभी साडेसात लिटरचे आणि पुढे ६.६ लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन, पुढच्या चाकांना गती, आणि त्यामुळे जमिनीलगत बसवता आलेली फरशी ही तिची वैशिष्ट्ये. यांतील पुष्कळ गाड्या आजही चालू स्थितीत आहेत, आणि निवृत्तीनंतर देश पाहण्याच्या हौसेने त्या विकत घेणारी दांपत्येही आहेत.

पन्नास वर्षांची वस्तू विकत घेणाऱ्याने रंग, गाद्या आणि शेगडी पाहून भागत नाही. या गाड्यांचे, आणि त्या काळातील बहुतेक पेट्रोल मोटारघरांचे, सर्वांत हट्टी दुखणे फरशीखाली लपलेले असते. टाकीतील पेट्रोल इंजिनापर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही.

लक्षणे ठरावीक आहेत. लॉस एंजेलिसहून लास वेगासकडे जाणारा महामार्ग मोहावी वाळवंटातून जातो. वाटेत बेकर नावाचे छोटे गाव आहे. तेथे १३४ फूट उंचीचा तापमापक उभारलेला आहे, यावरून तिथल्या उन्हाळ्याची कल्पना यावी. तीनशे मीटरहून कमी उंचीवरच्या या गावापासून रस्ता चढू लागतो तो हॅलोरन समिटला बाराशे मीटरच्या वर जातो. जुलैच्या दुपारी असा चढ चढताना जुने मोटारघर आधी आचके देते, मग त्याचा जोर ओसरतो आणि शेवटी इंजिन बंद पडते. भरधाव मालट्रक अंगावरून जात असताना रस्त्याच्या कडेला अर्धा तास बसावे लागते. त्यानंतर किल्ली फिरवली तर गाडी काही झालेच नाही अशा थाटात सुरू होते, आणि पुढच्या चढावर पुन्हा तेच.

यास सर्वसाधारणपणे ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. इंजिनाच्या अंगाला बसवलेला जुन्या पद्धतीचा यांत्रिक पंप पेट्रोल ढकलत आणीत नाही, तर कित्येक मीटर मागे असलेल्या टाकीतून ते ओढून आणतो. ओढताना नळीतील दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव कमी उष्णतेवर उकळतो. उंच डोंगरावर उघड्या पातेल्यात डाळ लवकर शिजत नाही आणि कुकरमध्ये शिजते, त्यामागचे हेच तत्त्व. पेट्रोलमधील हलके घटक मुळातच चाळीस अंशांच्या आसपास उकळू लागतात. त्यात वाळवंटातील रस्त्याची धग आणि इंजिनाची आच मिळाली की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. पंपाला वाफ ओढता येत नाही. कोलोरॅडोतील आयझेनहॉवर बोगदा अकरा हजार फुटांवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांश इतकाच असल्याने थंड हवेतही हा त्रास होऊ शकतो. अमेरिकेत हिवाळ्यासाठी अधिक लवकर उडणारे पेट्रोल विकले जाते. ते टाकीत राहिले आणि वसंतात अवचित कडक ऊन पडले, तरी परिणाम तोच.

मात्र नाव माहीत झाले म्हणजे निदान झाले असे नव्हे, आणि बहुतेकांचा पैसा येथेच वाया जातो. गाडी चढावर थांबली की व्हेपर लॉक म्हणायचे, नवा पंप बसवायचा; तरी थांबली की कार्बुरेटर बदलायचा; मग इग्निशनची कॉइल. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! हिशेबात फरक आला की अनुभवी मुनीम सगळ्या वह्या नव्याने लिहीत नाही. कोणत्या पानापर्यंत बेरीज जुळते ते आधी पाहतो. इंधनाच्या मार्गाचेही तसेच आहे. टाकी, निवडझडप, नळ्या, पंप, गाळणी आणि कार्बुरेटर या क्रमात पेट्रोल कोठपर्यंत नीट येते, एवढाच प्रश्न सोडवायचा असतो.

पहिली परीक्षा बिनखर्चाची आहे. गाडी बंद पडताच, इंजिन थांबलेले ठेवून, कार्बुरेटरवरील हवेच्या गाळणीचे झाकण काढावे आणि हाताने थ्रॉटल हलवून आत पाहावे. पेट्रोलच्या दोन बारीक धारा उडाल्या, तर कार्बुरेटरच्या वाटीत इंधन आहे. दोष बहुधा ठिणगीच्या यंत्रणेत आहे, कारण तिचे काही भागही तापल्यावर दगा देतात आणि निवल्यावर चालू लागतात. धारा उडाल्या नाहीत, तर वाटी कोरडी आहे आणि शोध मागे न्यायचा. याच वेळी टाकीचे झाकण उघडून पाहावे. हवा आत शिरल्याचा जोराचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुरळीत चालली, तर टाकीत हवा येण्याची वाट बुजलेली आहे. पेट्रोल बाहेर पडते तितकी हवा आत आली नाही, तर पंप कितीही चांगला असला तरी तो हतबल होतो.

जीएमसी मोटारहोममध्ये साधारण पन्नास गॅलनचा, म्हणजे सुमारे १९० लिटरचा साठा दोन टाक्यांत विभागलेला असतो, आणि चालकासमोरील बटणाने विजेची झडप फिरवून कोणत्या टाकीतून पेट्रोल घ्यायचे ते ठरवता येते. निदानाच्या दृष्टीने ही सोय मोलाची आहे. एका टाकीवर गाडी अडखळते आणि दुसरीवर सुरळीत चालते, असे झाले तर पंप आणि कार्बुरेटर निर्दोष सुटले. दोष त्या एका टाकीकडील नळ्यांत, गाळणीत किंवा झडपेत आहे. पुष्कळ मोटारघरांत विजेचा जनित्रही वाहनाच्याच टाकीतून पेट्रोल घेतो, परंतु त्याची नळी मुद्दाम आखूड ठेवलेली असते. रात्रभर जनित्र चालवून सकाळी गाडी हलवण्यापुरतेही पेट्रोल उरू नये असे होऊ नये, म्हणून ही योजना. तेव्हा पाव टाकी असताना जनित्र बंद पडला तर तो बिघडला असे समजून मिस्त्री बोलावण्याचे कारण नाही.

यापुढील परीक्षा घरच्या अंगणात, थंड इंजिनावर आणि अग्निशामक हाताशी ठेवूनच कराव्यात. कार्बुरेटरच्या अलीकडे दाबमापक जोडला असता प्रति चौरस इंच चार ते सात पौंडांच्या दरम्यान दाब दिसला पाहिजे. केवळ दाबावर विसंबू नये. ठिणगीची जोडणी तोडून, नळी धातूच्या भांड्यात सोडून इंजिन नुसते फिरवले असता अर्ध्या मिनिटात जवळपास अर्धा लिटर पेट्रोल यावे, असा जुन्या कारागिरांचा ठोकताळा आहे. दाब योग्य पण प्रमाण अपुरे, याचा अर्थ मागे कोठेतरी अडथळा आहे किंवा हवा शिरते आहे.

ही शिरणारी हवा फार फसवी असते. पंपाच्या पुढच्या नळीला छिद्र पडले तर पेट्रोल टपकते आणि डोळ्यांना दिसते. पंपाच्या मागच्या, ओढल्या जाणाऱ्या नळीला बारीक तडा गेला तर थेंबही बाहेर येत नाही. उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. जमीन कोरडी, वास नाही, आणि तरीही गाडी चढत नाही. परीक्षेपुरता पारदर्शक नळीचा एक तुकडा पंपाच्या अलीकडे बसवला की बुडबुडे स्पष्ट दिसतात. तो तुकडा लावून रस्त्यावर मात्र जाऊ नये. त्याहून निर्णायक उपाय म्हणजे लहान डब्यातून थेट पंपाला पेट्रोल देऊन पाहणे. इंजिन नीट चालले, तर दोष मागच्या लांबीतच आहे.

आणि मागच्या लांबीत काय काय निघते! टाकीच्या आत नळीच्या टोकाला जाळीची पिशवीवजा गाळणी असते. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत पेट्रोल शिळे होऊन राळेसारखा चिकटा तयार होतो, पोलादी टाकीला गंज चढतो, आणि दोन्ही त्या जाळीला जाऊन बसतात. जोर लागतो तेव्हा मळ ओढला जाऊन जाळी बंद होते. गाडी थांबली की तो खाली पडतो आणि अर्ध्या तासाने गाडी सुरू होते. म्हणजे व्हेपर लॉकचे हुबेहूब सोंग! फरक ओळखण्याची खूण एकच: हे दुखणे थंड सकाळीही येते. कधी रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसते, पण आतला थर सुटून पडद्यासारखा आडवा येतो. कार्बुरेटरच्या तोंडाशी मोठ्या नटाच्या आत एक छोटी गाळणी असते. बाहेरचा फिल्टर दर वर्षी बदलणारेही तिला विसरतात.

रबराच्या या दशेला काळाइतकेच पेट्रोलही जबाबदार आहे. अमेरिकेत आज बहुतेक पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. १९७० च्या दशकातील रबर त्यासाठी बनलेले नव्हते. ते फुगते, मऊ पडते किंवा तडकते. इथेनॉल हवेतील ओलावाही शोषून घेते, आणि पाणी अधिक झाले की ते दोन्ही पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. भारतात २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत ते देशभर रूढ झाले. गोदामामागे उभ्या असलेल्या जुन्या स्कूटरच्या वा पेट्रोलवरील जुन्या टेम्पोच्या मालकांनी नळ्यांकडे लक्ष देण्याचे कारणही हेच.

नळ्या बदलण्याच्या कामात काटकसर करू नये. टाक्यांवरच्या नळ्यांना हात घालायचा तर टाकी खाली उतरवावी लागते. भरलेल्या एका टाकीत सत्तर किलोच्या आसपास पेट्रोल असते, म्हणून ती आधी रिकामी करणे आले. एवढी मेहनत करून दिसते तेवढीच एक नळी बदलणे म्हणजे पुढच्या वर्षी तीच मजुरी पुन्हा देणे. नळीवर छापलेला दर्जा वाचून घ्यावा: एसएई ३०आर९ किंवा ३०आर१४ दर्जाची नळी इथेनॉलला टिकते, टाकीच्या आत बुडून राहणाऱ्या तुकड्याला मात्र ३०आर१० हीच लागते. बाहेरची नळी आत वापरली तर तिचे बाहेरचे आवरणच विरघळू लागते.

नळ्या आणि गाळण्या निर्दोष झाल्यावरही उष्ण चढावर वाफ धरतच असेल, तर टाकीजवळ विजेचा पंप बसवणे हा खरा उपाय. तो पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलतो, त्यामुळे लांब नळीत दाब वाढतो आणि उकळणे टळते. परंतु येथेच पुष्कळ हौशी मालक धोक्याचे काम करतात. इंजिन थांबले तरी विजेचा पंप चालूच राहतो. अपघातात नळी तुटली तर तो पेट्रोल ओतत राहील. म्हणून इंजिनातील तेलाचा दाब नाहीसा होताच किंवा धक्का बसताच पंप बंद करणारा स्विच त्याच दिवशी बसवला पाहिजे, तो ‘नंतर पाहू’ या सदरात टाकू नये. जुना यांत्रिक पंप तसाच ठेवला असेल तर त्याच्या पडद्याची खात्री करावी. तो फाटलेला असला तर नवा पंप पेट्रोल थेट इंजिनाच्या तेलात लोटतो. तेल मोजण्याची पट्टी काढून हुंगली, तर पेट्रोलचा वास लपत नाही.

या सगळ्यात वेळेचा आणि पैशाचा भाग दुय्यम आहे. साध्या मोटारीतील आग आणि मोटारघरातील आग यांत मोठे अंतर आहे. इंजिन चालकाच्या पायांशी, झाकणाखाली असते. मागे फायबरग्लासच्या भिंती, लाकडी कपाटे, पडदे, स्वयंपाकाच्या गॅसची टाकी आणि कदाचित झोपलेली नातवंडे. तापलेल्या एग्झॉस्टवर नळीतून पडलेले पेट्रोल भडकले तर बाहेर पडण्यास मिळणारा अवधी फार थोडा असतो. त्यात पुष्कळ जुन्या मोटारघरांतील शीतकपाट गॅसच्या ज्योतीवर चालते आणि ती ज्योत प्रवासातही पेटती ठेवण्याची अनेकांना सवय असते. पेट्रोल पंपावर वळण्यापूर्वी ती विझवलीच पाहिजे. गाडीत पेट्रोलचा वास आला तर तो जुन्या गाडीचा स्वभाव मानून काचा उघडून पुढे जाणारे भेटतात. त्यांच्या गाडीत कोणी बसू नये.

चाणाक्ष मालक गाडी विकत घेतानाच नळ्या कधी बदलल्या ते विचारतात, आणि पावती नसेल तर त्या बदललेल्या नाहीत असे धरून भाव करतात. बदलल्यानंतर प्रत्येक टाकीजवळ तारखेची पत्र्याची चकती अडकवतात आणि गाडीच्या वहीत नळीचा दर्जा, लांबी व क्लॅम्पची मापे लिहून ठेवतात. हिवाळ्यात गाडी उभी करण्यापूर्वी पेट्रोल टिकवणारे द्रावण टाकीत घालून इंजिन दहा-पंधरा मिनिटे दोन्ही टाक्यांवर आळीपाळीने चालवतात, म्हणजे ते कार्बुरेटरपर्यंत पोहोचते. वसंतात पहिल्या फेरीला ते मोहावीला निघत नाहीत. गावाबाहेरचा एखादा जवळचा चढ दुपारच्या उन्हात चढून पाहतात, आणि परत आल्यावर गाडीखाली पुठ्ठा पसरून रात्रभर ठेवतात.