चालकाची झोप कोणाच्या हिशेबात?

नागपूरहून जबलपूरकडे जाताना मनसरला उजवीकडे वळलं की पाच-सहा किलोमीटरवर रामटेक. महामार्गाचा जुना क्रमांक 7, आताचा 44. दुपदरी रस्ता चौपदरी झाला, गाड्यांचा वेग वाढला. आजूबाजूचं जगणं मात्र तेच राहिलं. धान कापणीला आलं की डांबरावर पेंढ्या पसरतात, अंधार पडल्यावर रिफ्लेक्टर नसलेली बंडी अचानक समोर येते, त्रिपुरी पौर्णिमेला आणि रामनवमीला माणसं रस्त्याच्या कडेनं पायी चालतात. समोरचा चुकणारच, हे धरून जो गाडी हाकतो तोच इथे सुखरूप घरी पोचतो. प्रशिक्षणात ज्याला बचावात्मक ड्रायव्हिंग म्हणतात, ते हेच.

ही सवय नोकरीचा भाग म्हणून लावली ती एसटीने. 1 जून 1948 रोजी पुणे–नगर मार्गावर पहिली एसटी धावली. विदर्भ 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढे इथली बसवाहतूकही एसटीकडे आली. रामटेकच्या आगारात आजही उभं राहून पाहावं. गाडी मागे घ्यायची तर वाहक खाली उतरतो, मागच्या कोपऱ्यावर उभा राहतो, पत्र्यावर थापा मारत ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणतो. जोरात एक थाप पडली की चालकाचा पाय ब्रेकवर जातो. फलाटावरून निघताना एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. आरशात दिसतं ते पुरेसं नाही, दुसऱ्या माणसाचे डोळे हवेत, हे एसटीने कामाच्या पद्धतीतच बसवलं. शिवाय वर्षानुवर्षे विनाअपघात सेवा देणाऱ्या चालकाचा सत्कार करायची प्रथा पाडली. आगारात त्या चालकाचा मान वेगळाच असतो.

कायदाही त्याच काळात आला होता. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने सर्वसाधारणपणे दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास अशी मर्यादा घातली आणि सलग 5 तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली. माझ्या मते अपघात टाळण्याचं सगळ्यात मोठं कलम हेच होतं. सगळ्यात जास्त दुर्लक्षही त्याकडेच झालं. मुक्कामी गाडीचा चालक गावात गाडीतच आडवा होतो आणि पहाटे पुन्हा स्टिअरिंगवर बसतो. डासांमुळे रात्रभर डोळा लागला नाही, याची नोंद कोणत्या कागदावर होते?

पुढे जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताह सुरू झाला, 2021 मध्ये त्याचा महिना झाला. शपथ, नेत्रतपासणी, फलक. नेत्रतपासणी उपयोगी, ती व्हावीच. पण डबल ड्युटी करून आलेल्या माणसाला शपथ देऊन त्याची झोप भरून निघत नाही.

गेल्या काही वर्षांत यंत्रं आली. 2015 पासून नव्या व्यावसायिक वाहनांना वेगनियंत्रक सक्तीचा होत गेला. 2021 मध्ये नागपुरात ‘आयरास्ते’ प्रकल्प सुरू झाला आणि शहर बसमध्ये धडकेची पूर्वसूचना देणारी उपकरणं बसली. गाडी फार जवळ गेली की चालकाला इशारा मिळतो आणि धोका वारंवार कुठे निर्माण होतो, ते अपघात होण्याआधीच कळू लागतं. ही चांगली सुरुवात आहे.

तरी 1 जुलै 2023 ची पहाट विसरता येत नाही. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि 25 प्रवासी गेले. त्याच्या आदल्या वर्षी, 2022 मध्ये, देशात रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसं दगावली होती.

रामटेक, मनसर, कांद्री भागात खाणी आहेत, शाळा-महाविद्यालयं आहेत, पेंचच्या पर्यटकांना नेणाऱ्या गाड्या आहेत. जिथे पगारी चालक आहे, तिथल्या मालकाला, मुख्याध्यापकाला, व्यवस्थापकाला एक विनंती. येत्या जानेवारीत शपथेच्या आधी ड्युटीचा तक्ता काढा. रात्री उशिरा परतलेल्या चालकाचं नाव दुसऱ्या दिवशी पहाटेच्या फेरीला असेल, तर ते त्याच दिवशी खोडा. आणि ‘आज झोप झाली नाही, गाडी घेत नाही’ असं जो सांगेल, त्याचा पगार कापू नका.