रिव्हॉल्व्हरची जन्मपत्रिका

घोड्याचे वय दातांवरून ओळखतात, झाडाचे खोडातल्या वलयांवरून. जुन्या रिव्हॉल्व्हरचे वय मात्र त्याच्या पोटावर ठोकलेल्या आकड्यावरून काढतात. ही विद्या वाटते तितकी सोपी नाही, पण मोठी मौजेची आहे.

अमेरिकेतील हार्टफर्ड गावच्या कोल्ट कारखान्याचे ‘सिंगल अ‍ॅक्शन आर्मी’ हे रिव्हॉल्व्हर घ्या. काउबॉयच्या चित्रपटांतून आपण सर्वांनी ते पाहिलेले आहे. खुद्द सॅम्युअल कोल्ट १८६२ मध्येच वारले. हे हत्यार निघाले १८७३ साली. नंबर एकपासून सुरू झाले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत ३,५७,८५९ पर्यंत गेले. कोणत्या साली साधारण कोणता आकडा चालू होता, याचे तक्ते अभ्यासकांनी तयार केले आहेत.

हार्टफर्डजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्याने शेजाऱ्याच्या अशाच एका रिव्हॉल्व्हरचे छायाचित्र मला पाठवले. शेजारी सांगत होता, “आजोबांचे आहे, १८७५ चे. सालच कोरलेय पाहा!” नातवाच्या वाढदिवशी दुकानातली नवी काडतुसे आणून बार काढायचा त्याचा बेत होता.

मी तक्ता उघडला. कोरलेले १८७५ हे साल पेटंटचे. ते पुढे कित्येक वर्षे ठोकले जात होते. नंबर होता १,५५,००० च्या पुढचा, म्हणजे जन्म १८९४ च्या सुमाराचा.

एवढ्या फरकाने काय बिघडते, असे वाचक विचारतील. येथे दोन रेघा आड येतात. पहिली कायद्याची. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्याने १८९८ पर्यंतचे हत्यार ‘पुराणवस्तू’ ठरते. राज्यांचे नियम निराळे असू शकतात. ही रेघ सुमारे १,८२,००० वर पडते. दुसरी रेघ जिवाची. नव्या, बिनधुराच्या दारूसाठी कारखान्याने हे रिव्हॉल्व्हर योग्य मानले ते १९०० पासून, सुमारे १,९२,००० च्या पुढे. त्याआधीची हत्यारे काळ्या दारूची. त्यांत आजचे काडतूस घातले, तर वाढलेल्या दाबाने चक्र फुटून धरणाऱ्याचाच हात जायचा. मी भाच्याला तातडीने कळवले, “बार काढू देऊ नकोस.” शेजाऱ्याने ऐकले.

नंबर एकाच जागी पाहून मात्र भागत नाही. सांगाडा, घोड्याभोवतीची कमान आणि मुठीची मागची पट्टी, तिन्हींवरचे आकडे जुळावे लागतात. न जुळले, तर हत्यार तुकड्यातुकड्यांनी जोडलेले असण्याचा संभव. पण यालाही अपवाद आहे! १८९५ नंतर सरकारने लष्कराची जुनी रिव्हॉल्व्हरे परत पाठवून साडेसात इंची नळ्या साडेपाच इंची करून घेतल्या. त्या कामात सुटे भाग एकमेकांत मिसळले. म्हणून या ‘आर्टिलरी’ जातीत बेमेळ आकडेच खरेपणाची खूण ठरतात. शिवाय कारखान्याच्या वहीत असते ती माल रवाना केल्याची तारीख, घडवल्याची नव्हे.

आपल्याकडेही या आकड्याला मोल आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार नंबर किंवा ओळखीची खूण नसलेले बंदुकीच्या जातीचे हत्यार विकता येत नाही आणि तो आकडा खोडणे हा गुन्हा आहे. म्हणून वडिलोपार्जित हत्यार घासूनपुसून लखलखीत करण्याची हौस असणाऱ्यांनी कानस जरा जपूनच चालवावी.