उशिरा लिहिलं, तरी उपयोगी पडलं
अमेरिकी कवी रिचर्ड हॉफमन यांचं ‘हाफ द हाउस’ हे आत्मकथन १९९५ साली प्रसिद्ध झालं. पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनमधलं कामगार कुटुंब, दोन भावांचं आजारपण आणि मृत्यू यांबरोबरच बेसबॉल प्रशिक्षकाने लहानपणी केलेले लैंगिक अत्याचारही त्यांनी त्यात मांडले. पुस्तक आल्यावर त्या प्रशिक्षकाला अटक झाली, शिक्षाही झाली.

‘मुलग्याला काय होतंय?’ हा समज आणि लोकलज्जा मुलग्यांना गप्प बसवतात. त्यामुळे अशी आत्मकथनं बहुधा कित्येक वर्षांनी लिहिली जातात. बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा भारतातला २०१२चा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन क्रमांक आहे. मुलगा काही सांगू लागला, तर त्याच्यावर विश्वास ठेवा.